नोडची चाळिशी : तारीख कुठली धरायची आणि स्मरणिकेत काय घालायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नवी मुंबईतल्या नेरूळ नोडमधल्या (नोड म्हणजे या आखलेल्या शहराचा उपनगरासारखा एक भाग, आणि सेक्टर म्हणजे त्याचा तुकडा) तुमच्या सेक्टरला चाळीस वर्षं होतायत, आसपासच्या सोसायट्यांनी मिळून कमिटी केलीये आणि पहिल्याच मीटिंगला भांडण झालंय की वर्धापनदिन कुठला धरायचा. काहीजण म्हणतात १७ मार्च, काहीजण १ जानेवारी, आणि एक काका म्हणतात माझ्या हातात चावी पडली तोच दिवस. शिवाय शंभर पानी स्मरणिका काढायचीये आणि तिच्या पहिल्या पानाचा मजकूर तुम्ही पाठवलाय, "चाळीस वर्षांपूर्वी इथे काहीच नव्हतं, नुसती दलदल आणि कोल्हेकुई..."

उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा. मी नगररचनाकार, तीसेक वर्षं नव्या शहरांच्याच कामात गेली आणि निवृत्तीनंतर अशा दोन-तीन स्मरणिकांत आणि प्रदर्शनांत लुडबुड केलीये, त्यामुळे कुठे पाय घसरतो ते बऱ्यापैकी माहितीये कारण स्वतः घसरलोय.

आधी तारखेचं. जुन्या गावाला वाढदिवस नसतो, ते कधी वसलं कोणाला माहीत नसतं आणि कोणी विचारतही नाही. गावदेवीची जत्रा आली की झालं. आखलेल्या शहराची पंचाईत अशी की त्याला वाढदिवस खूप असतात, प्रत्येक फाईलचा एक. नवी मुंबईचेच बघा. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात मांडलं की मुंबई उत्तरेला लांबत लांबत चाललीये ती थांबवा आणि खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर करा. (शिरीष पटेल म्हणजे केम्प्स कॉर्नरचा फ्लायओव्हर ज्यांनी डिझाईन केला तेच.) त्याच्याही आधी मुंबईच्या वाढीचा मोडक-मेयर आराखडा, मग बर्वे अभ्यासगट, त्यांनी ठाणे खाडीवर पूल हवा असं सांगितलेलं, मग गाडगीळ समिती, मग १९६६ चा एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा, ज्याच्यामुळे नवं शहर करायला कायद्याचा आधार मिळाला. ही सगळी कागदावरची पाळण्यातली वर्षं.

मग १७ मार्च १९७०, सिडकोची, म्हणजे नवी मुंबई उभारणाऱ्या सरकारी संस्थेची, कंपनी म्हणून नोंदणी. सुरुवातीला ती सिकॉमची (राज्य सरकारचं उद्योग-गुंतवणूक महामंडळ) उपकंपनी होती आणि भांडवल जेमतेम चार कोटी. चार कोटींत शहर होत नाही हे कोणालाही कळतं, त्यामुळे हिशोब असा होता की जमीन घ्यायची, रस्ते पाणी गटारं करायची, मग ऑफिसचे आणि दुकानांचे प्लॉट महाग विकायचे आणि त्या पैशातून छोटी घरं परवडतील अशी ठेवायची. म्हणजे या शहराचं खरं भांडवल चार कोटी नव्हतंच, जमीन हेच भांडवल होतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार्च १९७१ ला सिडको या भागाचं नवनगर विकास प्राधिकरण झालं. १९७३ ला वाशीचा पहिला खाडीपूल सुरू झाला आणि त्याच वर्षी विकास आराखडा प्रसिद्ध झाला, त्याला सरकारची मंजुरी मिळाली ऑगस्ट १९७९ ला. मंजुरी येईपर्यंत वाशीत लोक राहायलासुद्धा आले होते, आपल्याकडे हे चालतंच. ९ मे १९९२ ला मानखुर्द-वाशी लोकल आली. त्याच वर्षी १ जानेवारीपासून महापालिकेचा कारभार सुरू झालेला, म्हणून तुमच्या कमिटीतले काही जण १ जानेवारी म्हणतायत.

आता या यादीत एक तारीख कोणीच धरत नाही. फेब्रुवारी १९७०. ८६ गावांची जवळपास सोळा हजार हेक्टर जमीन संपादनासाठी अधिसूचित झाली ती फेब्रुवारी १९७० मध्ये. पुढे १९७३ ला अजून ९ गावं जोडली म्हणून आपण ९५ गावं म्हणतो. महिने बघा परत. जमीन घ्यायची नोटीस फेब्रुवारीत निघाली आणि जी कंपनी शहर बांधणार ती मार्चमध्ये जन्माला आली. म्हणजे शहराच्या बारशाआधी गावांच्या सातबाऱ्यावर टाच आलेली होती. त्यामुळे १७ मार्च धरलात तर तो कंपनीचा वाढदिवस, १ जानेवारी धरलात तर महापालिकेचा. दोन्हीत चूक काहीच नाही, पण तुमच्या सेक्टरचा यातला एकही नाही.

माझं मत विचाराल तर ते चावीवाले काका बरोबर आहेत. सेक्टरचा वर्धापनदिन म्हणजे पहिल्या बिल्डिंगचा ताबा मिळाला तो आठवडा. ताबापत्रं गोळा करा, सगळ्यात जुनं शोधा, त्यावर जी तारीख असेल ती घ्या आणि वाद मिटवा. त्यातून निम्मी स्मरणिका आपोआप उभी राहते ती वेगळीच, कारण ताबापत्र शोधायला कपाट उघडलं की आत हप्त्यांच्या पावत्या, वाटपपत्र, पहिलं रेशनकार्ड, बसचा पास, सगळं एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत निघतं. त्या पिशव्या हाच तुमचा इतिहास, पण त्यावर नंतर येतो.

आता ते पहिलं पान. "इथे काहीच नव्हतं." हे वाक्य काढून टाका. मी हे उपदेश म्हणून सांगत नाहीये. मी स्वतः हेच वाक्य एका नोडच्या पंचविशीच्या स्मरणिकेत छापलंय, "दलदलीतून उभं राहिलेलं शहर" असलं काहीतरी झोकात लिहिलेलं. समारंभाला शेजारच्या गावातले एक निवृत्त मास्तर पाहुणे म्हणून बोलावलेले, बिचारे दोन तास शेवटच्या रांगेत बसले, शाल नारळ घेतला आणि जाताना माझ्याजवळ येऊन अगदी शांतपणे म्हणाले, साहेब, ज्या दलदलीचं तुम्ही लिहिलंय तिथला तांदूळ खाऊन मी शिकलो. मला काही उत्तर सुचलं नाही. नंतर त्यांच्या घरी गेलो, दोनदा तीनदा गेलो, आणि ज्या भागाचे नकाशे मी कित्येक वर्षं वापरले त्याची अर्धी ओळख मला त्यांच्या ओटीवर झाली.

आमच्या नकाशात 'पाणथळ जमीन' म्हणून जे आडव्या रेघांनी दाखवलेलं असायचं ते त्यांच्या भाषेत खार, खाजण, मिठागर असं वेगवेगळं होतं, आणि प्रत्येकाचं काम वेगळं, मालक वेगळा, हंगाम वेगळा. खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालायचा, भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, बांधात एक उघाडी ठेवायची जी भरतीला बंद आणि ओहोटीला उघडी, म्हणजे पावसाचं गोडं पाणी बाहेर जातं आणि खारं आत येत नाही, आणि आत भात. हे पिढ्यान् पिढ्या चाललेलं. बांध फुटला की सगळं गाव रात्री धावायचं, कारण एकदा खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं ते शेत गेलंच समजा.

आणि गंमत ऐका, वाशी, नेरूळ, बेलापूर हे खाडीकाठचे भाग बांधताना इंजिनिअरांपुढे प्रश्न तोच होता. जमीन मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली. सगळी मातीभरावाने उंच करायची तर मुरूम आणायचा किती आणि कुठून, परवडणारच नाही. मग भराव बेताचा केला, खाडीच्या कडेला बांध घातला आणि आत होल्डिंग पाँड ठेवले, म्हणजे भरती असताना जोराचा पाऊस आला तर पाणी तळ्यात साठतं आणि ओहोटी लागली की झडपांची दारं उघडून खाडीत जातं. ही पद्धत डच म्हणून सांगितली जाते, आम्हीही तशीच शिकलो. पण ओटीवर बसून मास्तरांनी उघाडी समजावली तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली की अहो, हे तेच आहे, फक्त लाकडाच्या फळीच्या जागी लोखंडी झडप आणि भाताच्या जागी सोसायट्या. तुम्ही नेरूळचे, म्हणजे 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'ला सकाळी चालायला जात असाल. ते तळं शोभेचं नाही, होल्डिंग पाँड आहे. तुमच्या स्मरणिकेत यावर चार पानं आली तर मला सगळ्यात आवडेल, कारण शहर आणि गाव यांच्यातला तो एकच सरळ धागा आहे आणि रोज हजारो लोक त्याच्याभोवती चकरा मारतात. शक्य झालं तर पंपावर आणि झडपांवर काम केलेला कोणी जुना ऑपरेटर गाठा, त्याला कोणी कधीच व्यासपीठावर बोलवत नाही आणि २६ जुलै २००५ ची रात्र त्याच्याइतकी नीट कोणीच सांगणार नाही. आज त्यातल्या बऱ्याच तळ्यांत गाळ साठलाय आणि खारफुटी उगवलीये, गाळ काढायचा तर खारफुटीला हात लावता येत नाही, हा तिढा पण येऊ द्या. स्मरणिका म्हणजे नुसती आरती नको.

आता गावांकडे जायचं म्हणजे काय करायचं ते सांगतो. तुमच्या सेक्टरखाली कुठल्या गावाची जमीन आहे ते काढा. नेरूळ नोड म्हणजे एकटं नेरूळ गाव नाही, शिरवणे, दारावे, सारसोळे, करावे, कुकशेत अशी गावं त्याच्या पोटात आहेत. भूमी अभिलेख कार्यालयात जुना गावनकाशा मिळतो, सर्व्हे नंबरांसकट. त्याची ट्रेसिंगवर कॉपी करून आजच्या सेक्टरच्या नकाशावर ठेवा, स्केल जुळवायला एखादा आर्किटेक्चरचा विद्यार्थी पकडा, दोन दिवसांचं काम आहे. मग तो मोठा प्रिंट काढून गावात घेऊन जा, देवळात किंवा शाळेत भिंतीवर लावा आणि गप्प बसा. खरंच सांगतो, काही विचारू नका. लोक येतात, बोट ठेवतात, भांडतात आपसात की हा बांध इथे नव्हता तिकडे होता. एका ठिकाणी एक आजी आल्या, चष्मा नव्हता आणलेला, नातवाला विचारत विचारत त्यांनी स्वतःचं शेत शोधलं. ते निघालं एका शाळेच्या मैदानाखाली. नातू त्याच शाळेत शिकलेला. त्याला माहीतच नव्हतं.

आणि गावाशी बोलायचं तर १९८४ टाळता येणार नाही, टाळूही नका. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के आलं, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत. नव्वद साली योजना आली, चौऱ्याण्णवला सुधारली, आणि प्रत्यक्षात हातात येताना त्यातून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के कापून पावणेनऊच राहतात, हे आपल्या सोसायट्यांत फारसं कोणाला माहीत नसतं. आपल्याकडे "साडेबारा टक्केवाले" हा शब्द ज्या टोनमध्ये म्हणतात तो तुम्हालाही माहितीये. स्मरणिकेत एक पान या हिशोबाला द्या, नुसते आकडे द्या, टोन आपोआप बदलतो.

म्हणून तारखेबद्दल अजून एक. कार्यक्रम जानेवारीत घेणार असाल तर १६-१७ ला ऑर्केस्ट्रा लावू नका. त्या दिवशी तुमच्या शेजारची माणसं उरणकडच्या जासई आणि पागोट्याला हुतात्म्यांना मानवंदना द्यायला गेलेली असतात. त्यांचाही तो वार्षिक दिवसच आहे, आणि या शहरात न चुकता पाळला जाणारा बहुधा सर्वात मनापासूनचा.

बरं, आता बाहेरून आलेल्यांकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. कोण कुठून आलं याचा नकाशा करा, खूप मजा येते. घाऊक बाजार मशीद बंदर-भायखळ्याकडून टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आले तेव्हा त्यांच्याबरोबर माथाडी आले, म्हणून कोपरखैरणे-घणसोलीत सातारा, पाटण, जावळीकडची माणसं एवढी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे कामगार ऐरोली ते नेरूळ पसरले. बँकवाले, सरकारी नोकरीवाले, तामिळ-मल्याळी कुटुंबं वाशी-नेरूळला. आराखडा करणाऱ्यांचा खरा मोठा डाव मंत्रालय बेलापूरला आणायचा होता. ते आलं नाही. उलट सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून ऑफिसांचे टॉवर उभे राहत होते, आणि बेलापूरच्या वाट्याला कोकण भवन, म्हणजे विभागीय सरकारी कचेऱ्यांची इमारत, आलं. वीस लाख वस्तीचं गणित मांडलेलं, पण १९९१ ला महापालिका क्षेत्रात माणसं होती तीन लाखांच्या घरात. शहर वाढलं ते लोकल आल्यावर, आणि त्या लोकलच्या खर्चातला दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचललेला, रेल्वेने एक तृतीयांश. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांच्या वर गेली. माझ्या पेशातले लोक यावर तासन् तास भांडतात की आराखडा फसला की उशिरा का होईना साधला. माझं आपलं मत असं की ऑफिसं हलवायचा भाग फसला, राहायचं शहर मात्र झालं, आणि ते आराखड्यापेक्षा त्या पहिल्या वीस वर्षांत बस बदलत बदलत रोज खाडी ओलांडणाऱ्या लोकांनी केलं. अजूनही आपण घरातून निघताना "मुंबईला जातोय" म्हणतो, बघा.

म्हणून मुलाखती घ्या, पण नीट घ्या. "तेव्हा कसं वाटायचं?" विचारलंत की सगळे सारखंच बोलतात, किती शांत होतं, किती छान माणसं होती. त्याऐवजी विचारा, पहिल्या दिवशी पाणी कुठून आणलंत. दळण कुठे टाकायचात. रात्री शेवटची बस चुकली तर काय केलंत. डिलिव्हरीला कुठल्या हॉस्पिटलात नेलं आणि कशातून. घराला पहिली ग्रिल कोणी बसवली आणि शेजाऱ्याने त्यावरून काय म्हटलं. बायकांना वेगळं विचारा, नवरा समोर नसताना, कारण दिवसभर त्या सेक्टरात नवरे लोक नव्हतेच, ते सकाळी सहाच्या बसने गेलेले असायचे. ज्या बाईने तीन बिल्डिंगमधल्या पोरांना एका घरात बसवून पहिली बालवाडी चालवली ती तुमच्या पाहुण्यांच्या यादीत नाहीये, मी बघितली यादी, तिच्यात नगरसेवक, माजी नगरसेवक आणि भावी नगरसेवक तेवढे आहेत.

घरांचंही करा. सिडकोची घरं टाईपने ओळखली जातात, ए टाईप, बी टाईप, जेएन, एसएस, त्यातली बरीच आता पुनर्विकासाला चाललीयेत. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघून या, कोरियांनी सात सात घरांचे गट एकेका अंगणाभोवती मांडलेले, एकाची भिंत दुसऱ्याला चिकटलेली नाही, हेतू असा की ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं. लोकांनी इतकं वाढवलं की कित्येक घरं मुळापासून पाडून नवी बांधली, आणि आर्किटेक्चरची पोरं येऊन हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं फारसं वाटत नाही, वाढवा म्हणून सांगितलं आणि त्यांनी वाढवलं. अंगणं मात्र अजून बरीच टिकून आहेत. तुमच्या सेक्टरात एकही न बदललेलं घर शिल्लक असेल तर त्याचा टेप लावून माप घेऊन प्लॅन काढा, जिना, संडासची जागा, ओटा किती उंच, सगळं. बिल्डरची पाटी लागली की वेळ मिळत नाही.

स्मरणिकेच्या पानांचं म्हणाल तर जाहिराती धरून शंभर पानं कोणी वाचत नाही. साठ करा. संदेश पानं दोन, बास. विमानतळ, मेट्रो यांचे फोटो नकोत, ते सगळीकडे आहेत. गावनकाशा आणि सेक्टरचा नकाशा समोरासमोरच्या पानांवर, हे मात्र मधोमध हवंच.

आणि त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. ताबापत्रं बरीचशी टाईपरायटरवरची, कार्बन कॉपी, आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत ती अक्षरं उडत चाललीयेत. लॅमिनेशन अजिबात करू नका, लोक प्रेमाने करतात आणि कागद कायमचा जातो. एका रविवारी सोसायटीच्या ऑफिसात टेबल टाका, दोन पोरांना स्कॅनर घेऊन बसवा, माणसाने पिशवी घेऊन यायचं, समोर बसायचं, स्कॅन झालं की मूळ कागद लगेच परत घेऊन जायचं. कोणाचाही कागद घरी न्यायचा नाही, मी एकदा नेला होता, अजून बोलणी खातोय. हे पावसाळ्याआधी उरका, मंडपवाल्याला दिवाळीनंतर फोन केलात तरी चालेल.